पहिला आकडा

घरात त्याला सावकार म्हणत. नाव ताईने पाडलेलं. लहानपणी ती त्याच्याकडून रंगीत खडू मागून घ्यायची आणि हा पठ्ठ्या परत घेताना एक खडू जास्त मागायचा. "जन्मजात सावकार आहे मेला!" असं ती एकदा चिडून म्हणाली आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे तो खरोखरच पैशांच्या धंद्यात शिरला, तेव्हा ताईच्या चेहऱ्यावर असा काही रुबाब आला, जणू नोकरी तिनेच लावून दिली.

नोकरी लावली होती मामाने. वडील गेले तेव्हा सावकार कॉलेजात होता, आणि आईचा हा धाकटा भाऊ तेव्हापासून या घराला धरून उभा होता. मामाचा धंदा सांगायला सोपा. लहानसहान कारखाने, छापखाने, बेकऱ्या, जिथे हात चांगले पण भांडवल अपुरं, तिथे पैसा घालायचा आणि बदल्यात हिस्सा घ्यायचा. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस, काचेचं टेबल, एक टायपिस्ट बाई आणि मामा. मामाला भेटायला येणारा माणूस हसत यायचा आणि जाताना आपण नक्की कशाला हो म्हणून बसलो, याचा विचार करत जिना उतरायचा.

मामाची सगळी विद्या होती पाण्याच्या ग्लासात. हसू नका, खरंच सांगतोय. समोरच्याने आकडा सांगितला की मामा हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. तो ग्लास उचलायचा आणि पाणी प्यायचा. एक घोट घ्यायचा, ग्लास हातातच ठेवायचा, खिडकीबाहेर बघायचा, मग दुसरा घोट. समोरच्याची चुळबुळ सुरू व्हायची. खुर्ची करकरायची. "म्हणजे, थोडं इकडेतिकडे करता येईल," असं तो स्वतःच म्हणायचा. ग्लास रिकामा होईपर्यंत मामा चकार शब्द काढत नसे, आणि ग्लास रिकामा व्हायची वेळ सहसा यायचीच नाही.

"पहिला आकडा कधीच खरा नसतो, भाच्या," मामा सांगायचा. "माणूस घरून निघतानाच त्यात हवा भरून निघतो. आपण नुसतं गप्प बसायचं."

सावकाराने ही विद्या इतकी मन लावून घोटली की विचारू नका. ताई शर्टाच्या इस्त्रीचे पैसे मागायची, हा शांतपणे पाणी प्यायचा आणि ताई त्याला उशी फेकून मारायची. आई म्हणायची, "अरे, घरात तरी माणसासारखा बोल!" पण पोराला गोडी लागली होती. चोवीस-पंचविशीचं वय, गप्प बसून मोठी माणसं विरघळताना बघायची, त्याचीही एक नशा असते.

आणि अशात मामाने त्याला दातांच्या कारखान्यात पाठवलं.

कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्याची मापं इथे पाठवायचे आणि इथून तयार कवळ्या घेऊन जायचे. दार उघडलं की आधी नाकाला झोंबायचा तो कवळीच्या रसायनाचा उग्र वास, मग दिसायचे फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे पांढरे जबडे. सावकार पहिल्यांदा आत गेला तेव्हा दचकलाच. एवढे सगळे लोक एकदम आ वासून आपल्याकडे बघताहेत असं त्याला वाटलं. मालक होते एक बारीकसे, नीटनेटके गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तोंडात दात बसवले होते, आणि आता त्यांचाच उजवा हात थरथरायला लागला होता. मेणात एक दात सरळ बसवायचा म्हटलं तरी त्यांना जमत नव्हतं. ते हात खिशात घालून बोलायचे. सावकार त्यांना काका म्हणायला लागला.

काम आता त्यांची मुलगी बघायची. खिडकीखालच्या टेबलाशी ती छोट्या ज्योतीवर मेण कापायची सुरी तापवत बसलेली असायची, नखांत प्लास्टर, केसांवर पांढरी धूळ. सावकाराने हिशेब बघायला मागितले, तेव्हा तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे चेहऱ्याकडे नाही, तोंडाकडे.

"तुमचा पुढचा दात शेजारच्यावर चढलाय," ती म्हणाली. "म्हणून ओठ दाबून हसता ना?"

झालं! बाविसाव्या वर्षापासून भल्याभल्यांना गप्प राहून घाम फोडणारा हा मुलगा एका वाक्यात लाल झाला. त्याने तोंडावर हात नेला, मग हात का नेला म्हणून आणखी लाल झाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझं कामच आहे ते. बाकी काही वाईट नाही हं तो. उलट त्यामुळेच चेहरा लक्षात राहतो."

त्या दिवशी हिशेबात त्याने काय वाचलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. घरी येऊन तो आरशासमोर उभा राहून दात दाखवून हसला. ताईने ते दारातून पाहिलं आणि ती जमिनीवर बसून हसली.

मग कामं निघत गेली. एकदा भट्टी बघायची होती, एकदा डॉक्टरांची यादी बघायची होती, एकदा काहीच बघायचं नव्हतं तरी तो गेला. मनातल्या मनात तो तिला दातवाली म्हणायचा, आणि एकदा चुकून तोंडावर म्हणाला. तिला नाव आवडलं. "आणि तुम्हाला घरी काय म्हणतात?" असं तिने विचारलं तेव्हा त्याने खोटं सांगायला हवं होतं. सांगता आलं नाही. "सावकार!" म्हणत ती इतकी हसली की आतून काका बघायला आले. दुपारी दोघं इमारतीच्या जिन्यात बसून डबा खायची. संध्याकाळी तो तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला जायचा, आणि बस आली की दोघंही म्हणायची, राहू दे, पुढची घेऊ. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

फुशारकी मारायची तर कशाची मारणार बिचारा? त्याने तिला मामाच्या ग्लासची गोष्ट सांगितली. अगदी साभिनय. घोट कसा घ्यायचा, नजर कुठे ठेवायची, समोरच्याचा गळा कसा कोरडा पडतो. ती ऐकत राहिली.

"बापरे," ती म्हणाली. "आणि त्या माणसाने खराच आकडा सांगितला असेल तर?"

"खरा आकडा कुणी पहिल्यांदा सांगतं का कधी?"

तिने डब्याचं झाकण लावलं. पण पुढच्याच आठवड्यात त्याने धीर करून विचारलं, "रविवारी येशील फिरायला?" तर तिने पाण्याची बाटली उचलली, एक घोट घेतला आणि जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघायला लागली. सावकाराची बोबडी वळली. "म्हणजे काम असेल तर नको... म्हणजे पुढच्या रविवारी पण चालेल... म्हणजे मला... मला तू फार आवडतेस गं, म्हणून विचारलं." बाटली बाजूला ठेवून ती ठसका लागेपर्यंत हसली. "काय जालीम औषध आहे रे हे!" असं म्हणाली, आणि त्याच्या हातावर हात ठेवला. प्लास्टरचे पांढरे ठसे त्याच्या मनगटावर उठले. ते त्याने संध्याकाळपर्यंत धुतले नाहीत.

आता इथपर्यंत सगळं गोड होतं. पण कारखान्याचं काहीतरी एक ठरवायला हवं होतं, आणि ते लांबत चाललं तसा दोघांचाही जीव टांगणीला लागला. काकांना काम सोडायचं होतं. दुसऱ्या शहरातली एक मोठी कंपनी त्यांच्या मागे लागली होती. ती कारखाना विकत घेणार, बंद करणार आणि मुलीला आपल्या मोठ्या कारखान्यात नोकरी देणार, राहायला घरासकट. दुसरा रस्ता मामाचा. मामाने काकांचा हिस्सा घेतला तर कारखाना इथेच राहणार, मुलगी तो चालवणार. म्हणजे सरळ बोलायचं तर मामाचा सौदा झाला तर ती इथे, नाही झाला तर ती तिकडे. आणि सौदा करायचा होता सावकाराने. एकट्याने. मामाने पहिल्यांदाच तसं ठरवलं होतं.

"मी येणार नाही," मामा म्हणाला. "तुझं तू बघ. हा नीट जमवलास की दारावरच्या पाटीवर तुझं नाव लागलं म्हणून समज. भागीदार! तुझ्या आईला काय वाटेल, विचार कर. पण एक लक्षात ठेव. पहिल्याच आकड्याला मान डोलावून आलास, तर मग आयुष्यभर माझ्या हाताखाली टाचण्या मोजत बस."

सावकाराने ही भागीदारीची गोष्ट दातवालीला सांगितली. कशाला लपवायची? भागीदार झालो की आईला घेऊन तुमच्याकडे बोलणी करायला येतो, असंही सांगितलं. ती ऐकून हसली, मग तिने दोनदा विचारलं, "म्हणजे सौदा चांगला झाला की मामा तुला भागीदार करणार, असं ना?" तो म्हणाला, हो, असंच.

सौद्याच्या आदल्या संध्याकाळी बसथांब्यावर ती जरा वेगळीच होती. डोळे चमकत होते, आणि बोलता बोलता मधेच थांबत होती.

"उद्या बाबा आकडा सांगतील," ती म्हणाली. "तू फक्त नीट ऐक."

"ऐकेन की."

"तसं नाही. नीट ऐक."

"अगं, पण म्हणजे काय?"

"म्हणजे नीट ऐक, बस्स. आणि मग जे मनात येईल ते बोल." आणि ती पहिल्याच बसमध्ये चढून गेली.

सावकार घरी आला, जेवला नाही, पडून राहिला. तिच्या बोलण्याचा त्याने काय अर्थ काढावा? त्याला वाटलं, काका भलताच मोठा आकडा सांगणार आहेत, म्हणून ती आधीच सावध करते आहे. त्याने स्वतः कारखान्याची किंमत काढली होती, भट्टी, यंत्रं, डॉक्टरांची कामं, सगळं धरून. काका त्याच्या दीडपट सांगतील, असं त्याने गृहीत धरलं. मग आपण गप्प बसू, ते खाली येतील, आपण आपल्या आकड्यावर आणू, मामा खूश, काका खूश, ती इथेच. त्याला सगळं इतकं स्पष्ट दिसत होतं की त्याला मध्येच हसूही आलं. दात दाखवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीत टेबलावर नवं कापड अंथरलेलं होतं. पाण्याचा तांब्या आणि तीन ग्लास. काकांनी कोट घातला होता. मुलगी त्यांच्या शेजारी बसली, हात धुतलेले, केस नीट बांधलेले, प्लास्टरचा कणही कुठे नाही. आतल्या खोलीत पॉलिशचं यंत्र घुर्रघुर्र चाललं होतं, मग कुणीतरी ते बंद केलं आणि एकदम फार शांत झालं.

काकांनी घसा खाकरला. एकदा मुलीकडे पाहिलं. मग आकडा सांगितला.

सावकाराला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आकडा त्याने काढलेल्या किमतीच्या वर नव्हता. बरोबरीचा नव्हता. चांगला एक-तृतीयांश कमी होता! म्हातारबाबांना आपल्या कारखान्याची किंमतच माहीत नाही की काय? की मोठ्या कंपनीने यांना फसवून कमी आकडा सांगितला होता? आणि ह्या सगळ्या विचारांच्या खाली, अगदी तळाशी, मामाचा आवाज. पहिला आकडा कधीच खरा नसतो. इथून सुरुवात असेल, तर मग शेवट कुठे असेल!

अरे गाढवा, बोल! काहीतरी बोल! नाही पटत तर 'काका, बरे आहात ना?' असं विचार. पण नाही. त्याचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने ग्लास उचलला.

त्याने एक घोट घेतला. ग्लास हातात ठेवला. खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. इकडे टेबलावर काकांचा उजवा हात खिशातून बाहेर आला होता आणि नव्या कापडावर थरथरत होता. तो लपवायलाही काका विसरले.

"जास्त वाटतोय का?" काका म्हणाले.

सावकाराने दुसरा घोट घेतला. तेव्हा त्याची नजर तिच्याकडे गेली. ती काकांकडे बघत नव्हती, त्याच्या चेहऱ्याकडेही बघत नव्हती. ती ग्लासकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला वाटलं, तिला भीती वाटतेय, सौदा मोडेल म्हणून. थांब, त्याने मनात म्हटलं, थांब जरासं, आत्ता होतंय सगळं आपल्या मनासारखं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "राहू द्या. उठू या आपण."

"नाही, नाही, थांब," काका घाईघाईने म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांना वाटलं, आपल्यामुळेच काहीतरी बिघडतंय. "थोडं कमी करतो मी. चालेल ना? म्हणजे, तुमच्या मामांना पटेल असं." आणि त्यांनी आणखी खालचा आकडा सांगितला. तो आकडा सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की सावकाराला पुढे वाकावं लागलं.

ग्लास अर्धाही झाला नव्हता.

"ठीक आहे, काका," सावकार म्हणाला आणि हात पुढे केला. काकांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. ती उठली, आत गेली, आणि आत पॉलिशचं यंत्र पुन्हा सुरू झालं.

जिन्यातून उतरता उतरता त्याने मामाला फोन लावला. मामाने आकडा ऐकला, क्षणभर त्याचा विश्वासच बसला नाही, आणि मग तो ओरडला, "शाब्बास रे वाघा! अरे, मला नसतं जमलं हे!" सावकाराचे पाय जमिनीवर ठरेनात. घरी येताच त्याने आईला उचललंच. आईने डोळे पुसले, वडिलांचं नाव काढलं. दातवालीबद्दल त्याने घरात आधीच सांगून टाकलं होतं. ताईने विचारलं, "आणि दातवाली?" तो म्हणाला, "आता काय, आता बोलणी करायला जायचं!" मग आईने कपाट उघडून ठेवणीतले कपडे बाहेर काढले.

पण दातवाली फोन घेईना. एकदा घेतला तर म्हणाली, काम आहे. दुपारी जिन्यात आली नाही. बसथांब्यावर तो अंधार पडेपर्यंत उभा राहिला, ती दिसली नाही. त्याने स्वतःची समजूत घातली. सौद्याची गडबड असेल, वडिलांनी इतक्या वर्षांचं काम सोडायचं म्हणजे घरात जड वाटत असेल. रविवारी त्याने आईला आणि ताईला सांगितलं, तयार होऊन बसा, मी आधी पुढे जाऊन सांगून येतो, मग तुम्हाला न्यायला येतो. नवा शर्ट घालून तो निघाला.

कारखान्याचं दार उघडं होतं. ती खिडकीखालच्या टेबलाशी उभी होती आणि आपल्या मेणाच्या सुऱ्या एकेक पुसून कापडात गुंडाळत होती.

"हे काय चाललंय?"

"मोठ्या कंपनीला नोकरीचा होकार कळवलाय," ती म्हणाली. "उद्या निघते. बाबा इथलं सगळं तुमच्या ताब्यात देतील आणि मागून येतील. त्यांनी तुला शब्द दिलाय, तो ते मोडणार नाहीत."

"अगं पण का? सौदा झालाय! कारखाना इथेच राहणार, तू चालवणार, सगळं ठरल्यासारखं—"

"तू किंमत काढली होतीस ना कारखान्याची?"

"हो."

"बाबांनी पहिल्यांदा सांगितलेला आकडा त्याच्यापेक्षा कमी होता. हे तुला कळलं होतं ना?"

सावकाराने खाली पाहिलं. "कळलं होतं."

"तो मी सांगायला लावला होता." ती सुऱ्या पुसायची थांबली नव्हती, पण एकच सुरी पुन्हा पुन्हा पुसत होती. "तूच म्हणालास ना, सौदा चांगला झाला की मामा भागीदार करणार, मग तू आईला घेऊन येणार. मी बाबांना सांगितलं, आपण कमी घेऊ. ते एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. उलट इतके खूश झाले... त्यांनी काय ठरवलं होतं माहिताय? तू विचारशील, काका, एवढं कमी का, आणि मग ते म्हणणार होते, घरच्या माणसाकडून जास्त कसं घ्यायचं? हे एवढं वाक्य ते आदल्या दिवसापासून घोकत होते. कोट इस्त्री करून घेतला त्यासाठी. मी त्यांना सांगितलं होतं, बाबा, तो नक्की विचारेल. तो तसा नाहीये, असं मी म्हणाले होते."

सावकाराने टेबलाची कड धरली.

"एकदा विचारायचं होतंस रे," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "तेवढंच. एवढं कमी का, म्हणून. तू पाणी पीत राहिलास, आणि ते घाबरले, त्यांना वाटलं की पोराला आपण पसंत नाही. माझ्या बाबांनी तुझ्यासमोर हात जोडायचेच बाकी ठेवले होते."

"मी वाढवतो आकडा," तो म्हणाला. "आत्ता. मामाशी भांडतो. नाही ऐकलं तर सोडतो त्याला, मला नको ती भागीदारी."

"अजून तुला वाटतंय की आकड्याचंच आहे."

दारात काका येऊन उभे राहिले होते. "अगं, जाऊ दे," ते म्हणाले. "पोरगा आहे. धंद्यात असं होतंच. मला काही वाईट वाटलेलं नाही, बाळ." आणि ते इतक्या मनापासून म्हणाले की सावकाराला वाटलं, यापेक्षा यांनी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. ते आत गेले. त्यांनी दार ओढून घेतलं, दोघांना बोलता यावं म्हणून.

आता बोलायला हवं होतं. त्याला सगळं बोलायचं होतं. तू नसलीस तर मी काय करू, हे बोलायचं होतं. मी मूर्ख आहे, हे बोलायचं होतं. पण तोंडातून ब्रसुद्धा निघेना. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. ती वाट बघत होती. खरंच बघत होती, अजूनही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"मी... हे तसं नाहीये," शेवटी कसंबसं तो म्हणाला. "मी तसा गप्प नाहीये गं."

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तू कधी कसला गप्प असतोस, ते मला आता ओळखता येत नाही. आणि जन्मभर ते ओळखत बसायचं म्हटलं तर मला भीती वाटते." तिने कापडाची गाठ बांधली. "जा तू आता. मला रडायचंय, आणि तुझ्यासमोर नाही रडायचं."

तो रस्त्याने कसा आला ते त्याला आठवत नाही. दार ताईने उघडलं. आई ठेवणीतले कपडे घालून खुर्चीत ताठ बसली होती, चुरगळायला नकोत म्हणून पाठसुद्धा न टेकता.

"निघायचं ना?" आई उठत म्हणाली. "काय म्हणाले रे ते?"

"त्यांनी आधीच विचारलं होतं, आई," तो म्हणाला. "मागच्याच आठवड्यात. मी काही उत्तर दिलं नाही."

"असं कसं विचारलं? तू आम्हाला बोलला नाहीस!" आईला काही उमगेना. "बरं, मग आता दे की उत्तर. त्यात काय एवढं? चल, आम्ही येतो बरोबर."

"आता ते विचारत नाहीयेत," तो म्हणाला, आणि तिथेच, बूट न काढता, दाराशी बसून तो मोठमोठ्याने रडायला लागला. आई तशीच उभी राहिली. ताईने पुढे होऊन बाहेरचं दार लावून घेतलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.